कारवानी पिल्लू घेताना आधी त्याची आई पाहा



खिल्लार खोंड विकत घ्यायचे असले म्हणजे आपण काय काय पाहतो ते आठवा. खरसुंडीच्या यात्रेत दोन दोन दिवस फिरतो. दात पाहतो, खूर उचलून बघतो, शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा, कातडीचा तजेला सारे न्याहाळतो. चार पावले चालवून बघतो. गाय कुणाच्या दावणीची आणि वळू कोणता, हे विचारल्याशिवाय इसाराचा पैसा हातावर ठेवत नाही.

पण तोच माणूस कारवानी कुत्र्याचे पिल्लू आणायला निघाला की हे सारे शहाणपण खुंटीला टांगून जातो. रस्त्याच्या कडेला पाटीत पिल्ले दिसली, कुणी मोबाईलवर फोटो पाठवला, पोरांनी हट्ट धरला, झाले! पिल्लू पिशवीत घालून घरी. मग आठव्या दिवशी ते रक्ताची हगवण लागून आडवे होते. नाहीतर सहा महिन्यांनी पाय वाकडे झालेले दिसतात. नाहीतर ज्याला अस्सल म्हणून पैसे मोजले, ते वेगळेच काही निघते. पैसा जातो तो जातोच. पण आजारी पिल्लाच्या उशाशी दोन रात्री बसलेल्या मुलांना काय सांगायचे?

म्हणून आज कारवानी पिल्लू पारखून कसे घ्यावे, याविषयी चार गोष्टी सांगणार आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहा, आणि आई पाहण्याआधी ती सांभाळणारा माणूस पाहा. ही दोन माणसे-जनावरे पसंत पडली तर पिल्लू निवडण्याचे काम निम्म्याहून अधिक झाले असे समजा.

कारवानी म्हणजे कोण?

आपल्या जत, आटपाडी, कवठे महांकाळ, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांत, आणि तिकडे सोलापूर-विजापूरपर्यंत, लांबट तोंडाचा, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा सडपातळ कुत्रा दिसतो, तो कारवानी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, तो पश्चिम व मध्य आशियाकडून दख्खनमध्ये आला असे मानतात. अरबस्तानातला सालुकी हा त्याच्या भाऊबंदांतला. आखूड, गुळगुळीत केसांचा तो कारवानी. कानांवर आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर काम करतो. लांबवर हललेली वस्तू त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही आणि एकदा सुटला की वाऱ्यासारखा पळतो.

याच कुत्र्याला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. आज ते गाव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले राजे श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांच्या शुद्ध पैदाशीकडे लक्ष दिले. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळचे नाव त्याला चिकटले, असे सांगतात. पुढे ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. २०१६ साली सैन्याने त्याची पिल्ले मेरठच्या आपल्या केंद्रात शिकवायला नेली. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्याचे नाव घेतले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनेही त्याला नोंदणी केलेल्या जातींत स्थान दिले आहे.

म्हणजे धनगरवाड्यावर वाढलेल्या आपल्या कुत्र्याला मान मिळाला. चांगलेच झाले. परंतु नाव झाले की मागणी वाढते, मागणी वाढली की घाई होते आणि घाई झाली की भेसळ शिरते. बियाण्याच्या बाजारात हे आपण पुष्कळदा पाहिले आहे.

आधी स्वतःला विचारा

पिल्लू शोधायला निघण्यापूर्वी एक प्रश्न घरात सर्वांनी बसून सोडवावा. आपल्याला कारवानीच का हवा?

केवळ रात्री भुंकून जागे करणारा राखणदार हवा असेल, तर गावातल्या धडधाकट गावठी कुत्रीचे पिल्लू त्या कामाला पुरेसे आहे. त्याला लस टोचा, दोन वेळ खायला घाला, ते आयुष्यभर इमान राखील. कारवानीला रोज मोकळे पळायला लागते. ज्याच्याकडे त्याच्यासाठी केवळ एक साखळी आणि एक लोखंडी पिंप आहे, त्याने हा कुत्रा पाळू नये. बांधून ठेवलेला कारवानी एक तर चिडका होतो, नाहीतर खंगतो.

दुसरे असे की तो परक्याच्या अंगचटीला जात नाही. घरच्या चार माणसांवर जीव लावील, पण आल्या-गेल्याने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला खपत नाही. तिसरे, पळणाऱ्या वस्तूमागे धावणे त्याच्या रक्तातच आहे. घरात कोंबड्या, करडे, ससे असतील तर लहानपणापासून त्यांच्यात वाढवून त्याला सवय लावावी लागते. आणि चौथे, हा प्राणी दहा-बारा वर्षांचा सोबती आहे. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा शिकायला पुण्याला गेला, तरी त्याची भाकरी कुणाला तरी करावी लागणार आहे. ती बहुधा घरच्या बाईलाच करावी लागते. तेव्हा तिचा होकार पहिला घ्यावा.

पिल्लू कुणाकडून घ्यावे?

कुत्र्यांची पैदास आणि विक्री कशी करावी याचे नियम केंद्र सरकारने २०१७ साली केले आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, दीड वर्षाच्या आतील मादीपासून पिल्ले घेऊ नयेत, लागोपाठच्या दोन माजांवर तिला भरवू नये, साऱ्या आयुष्यात तिच्याकडून पाचापेक्षा जास्त वेते घेऊ नयेत, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असे त्यांत सांगितले आहे. वाड्यावस्तीवर कागदपत्रे सर्वांकडे असतात असे नाही. पण नियमामागचा विचार कुणालाही पाळता येतो आणि पाहणाऱ्याला तो लगेच दिसतो.

चांगला सांभाळणारा कसा ओळखावा?

तो तुम्हाला घरी बोलावतो. पिल्ले जिथे वाढली ती जागा, त्यांची आई आणि तिची इतर पिल्ले सारे उघड्यावर दाखवतो. जो म्हणतो, “तुम्ही येऊ नका, मीच फाट्यावर आणून देतो,” त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.

त्याच्याकडे बारा महिने विकायला पिल्ले नसतात. एक-दोन माद्या असतात. पुढच्या वेताला थांबा, असे तो सांगतो. ज्याच्याकडे पाच जातींची पिल्ले केव्हाही तयार असतात, तो कुत्री सांभाळत नाही, माल भरतो.

तो तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो. जागा किती, घरी कोण असते, बांधून ठेवणार का, याआधी कुत्रा होता का, त्याचे काय झाले? त्याचा राग मानू नका. मुलगी देणारा बाप जावयाची चौकशी करतोच.

त्याने आधी दिलेली पिल्ले कुठे आहेत ते तो सांगतो. एक-दोन ठिकाणी जाऊन पाहा. दोन वर्षांची झालेली ती भावंडे जशी आहेत, तसेच तुमचे पिल्लू बहुधा होईल. इतका खात्रीचा दाखला दुसऱ्या कुठल्याच कागदावर मिळणार नाही.

आणि फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवण्याची सवय सोडा. फोटोत पिल्लाचे जंत दिसत नाहीत, आई दिसत नाही आणि कधी कधी तर पिल्लूच दुसऱ्याचे असते.

ज्यांना मुळाशी जाऊन पाहायचे आहे त्यांनी मुधोळची फेरी करावी. मिरजेहून अथणी, जमखंडीमार्गे तिकडे जाता येते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. अस्सल जनावर कसे दिसते, कसे चालते, हे एकदा डोळ्यांत साठवले म्हणजे बाजारात कुणी फसवू शकत नाही.

आई काय सांगते?

खाण तशी माती, असे आपले वाडवडील म्हणत. आई समोर उभी करून पाहा. पूर्ण वाढलेली कारवानी मादी खांद्याशी साधारण २५ ते २७ इंच उंच भरते. नर त्याहून दोन इंचांनी उंच. डोके लांब व अरुंद, नाकाकडे निमुळते. कान डोक्याला लागून खाली पडलेले. डोळे मोठे, गडद. मान लांब, छाती खोल, पोट आत ओढलेले, शेपटी लांब आणि टोकाला वर वळलेली.

पाजणारी आई थोडी उतरलेली असते, बरगड्या दिसतात. त्यात वावगे काही नाही. पण डोळ्यांत तेज हवे, अंगावर खरजेचे चट्टे नकोत, गोचिडांचे घोस नकोत. तिचे वय विचारा, हे कितवे वेत ते विचारा, याआधी केव्हा व्याली ते विचारा. वर्षातून दोनदा व्यालेली मादी पिल्लांना काय देणार? सारख्या पिकाने जमीन कस सोडते, तसाच तिचा कस उतरतो.

तिचा स्वभावही पाहा. परका पाहून ती उठेल, भुंकेल, पिल्लांकडे जाईल. हे आईपणच आहे. मात्र मालकाने हाक मारल्यावरही जी आवरत नाही, किंवा जी मालकालाच भिऊन कोपऱ्यात दबते, तिची पिल्ले घेताना विचार करा. पिल्ले पहिली भीती आईकडूनच शिकतात.

बापाची चौकशी विसरू नका. वस्तीवर एकच नामांकित नर असला की आसपासच्या साऱ्या माद्या त्याच्याकडेच नेतात आणि मग बाप-लेक, बहीण-भाऊ यांची जोडी लागते. अशा जवळच्या नात्यातली पिल्ले दिसायला सुबक असली तरी पुष्कळदा अशक्त निघतात, दोष उघडे पडतात. वळू बदलतो तसाच नरही बदलावा लागतो.

संकराचा मोह

हल्ली शर्यतीच्या नादाने कारवानीत विलायती ग्रेहाउंड मिसळला जातो. पहिल्या पिढीची पिल्ले उंच, दणकट, वेगवान दिसतात आणि घेणारा भुलतो. पण संकरित ज्वारीचे दाणे आपण पुढच्या पेऱ्याला ठेवत नाही ना? कारण पुढच्या पिढीत ते गुण विखरून जातात. एक कणीस मोठे तर चार खुजी. इथेही तेच होते. शिवाय आपल्या उन्हात, आपल्या भाकरीवर, माळरानावर निभावण्याचा जो गुण कारवानीने पिढ्यानपिढ्या कमावला, तो एका हौसेपायी पातळ होतो. तुम्हाला संकरच हवा असेल तर तसे जाणून घ्या. पण कारवानी म्हणून पैसे मोजून संकर घरी आणू नका.

रंगावरून मात्र शुद्धता ठरवू नका. फिकट पिवळसर, तांबूस, काळसर, वाघासारखे पट्टे असलेला, असे अनेक रंग या जातीत आहेत. “हा रंग दुर्मिळ आहे” असे सांगून कुणी जादा पैसे मागितले तर हसून पुढे चला.

आठ आठवड्यांचा हिशेब

चाळीस दिवसांचेही न झालेले पिल्लू “आता खायला लागले, घेऊन जा” म्हणून विकतात. हे सर्वांत मोठे पाप आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे पिल्लू भावंडांशी खेळता खेळता दात किती जोराने लावायचा ते शिकते. जोरात चावले की भावंड ओरडते, आई दटावते. लवकर तोडलेले पिल्लू हा धडा न शिकताच तुमच्या घरी येते आणि मग मुलांचे हात ओरबाडते.

वय खरे सांगितले की खोटे, हे दातांवरून कळते. पिल्लाला दुधाचे दात एकूण २८. समोरचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात; मागच्या दाढा त्यानंतर. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात बहुधा सगळे दात आलेले असतात. ओठ हळूच मागे सारून पाहा. मागे नुसत्या हिरड्याच असतील तर पिल्लू अजून आईचे आहे, तुमचे नाही.

नाकापासून शेपटीपर्यंत

आता पिल्लू हातात घ्या. सकाळची वेळ बरी. दुपारी पोटभर खाऊन सारीच झोपलेली असतात आणि सुस्त कोण, आजारी कोण, ते कळत नाही.

डोळे: स्वच्छ, पाणीदार. चिपडे, लाली, पांढरी झाक नको.

नाक: वाहते नको. पिवळा शेंबूड आणि खोकला दिसला तर त्या वेतातले एकही पिल्लू घेऊ नका, कारण डिस्टेंपरची सुरुवात अशीच होते.

हिरड्या: गुलाबी हव्यात. पांढुरक्या असल्या तर पोटातल्या जंतांनी किंवा अंगावरच्या गोचीड-पिसवांनी रक्त प्यायले आहे.

जबडा: वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसतात का पाहा. लांब तोंडाच्या कुत्र्यात वरचा जबडा फार पुढे आलेला आढळतो.

कान: आत काळपट-तपकिरी मळ, दुर्गंधी नको. पाठीमागे हळूच टाळी वाजवा; वळून पाहते ना?

पोट: बरगड्यांवर मांस नाही आणि पोट मात्र माठासारखे, म्हणजे जंत. बेंबीवर फुगवटी असली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

पाय: सरळ. गुडघ्याशी गाठी, पुढचे पाय बाहेर वळलेले, पंजे पसरलेले नकोत. नुसत्या भाकरीवर वाढवलेल्या पिल्लांची हाडे अशी वाकतात.

मागचा भाग: शेपटीखाली केसांना विष्ठा चिकटलेली असेल तर हगवण आहे. नराच्या दोन्ही गोळ्या खाली उतरल्या आहेत का, तेही पाहावे. एकच उतरली असेल तर ते राखणीला चालेल, पण पैदाशीला वापरू नये.

कातडी: केस उलटे फिरवून पाहा. चट्टे, खपल्या, पिसवा दिसतात का? कान किंवा शेपूट कापलेले पिल्लू मुळीच घेऊ नका. ती क्रूरता आहे, आणि कारवानीला तर पडलेले कान आणि लांब शेपूट हेच भूषण आहे.

मग पिल्लाला खाली ठेवा आणि दहा पावले दूर जाऊन बसा. चुटकी वाजवा. धाडकन अंगावर येणारे पिल्लू मुलांना आवडते. पण या जातीत थोडे थबकून, वास घेत घेत जवळ येणारे पिल्लूही उत्तमच. फक्त जे कोपऱ्यात थरथरत बसते, कशालाही येत नाही, ते टाळा. आणि दया येते म्हणून सर्वांत मरतुकडे पिल्लू उचलणार असाल, तर त्याला वाचवण्याचा खर्च आणि वेळ आपल्याकडे आहे का, याचा विचार तिथेच करा.

चीक, लस आणि जंत

वासराला जन्मल्यावर चीक पाजला नाही तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पिल्लालाही आईच्या चिकातूनच रोगाशी लढण्याची पहिली शक्ती मिळते. आईला लस टोचलेली असेल तर ही शक्ती भरपूर असते. नसेल तर पिल्ले पहिल्या दिवसापासून उघडी. म्हणून आईचे लसीकरण झाले का, हे आधी विचारा.

ही उसनी शक्ती दीड ते चार महिन्यांच्या दरम्यान ओसरते. नेमकी कोणत्या दिवशी, ते प्रत्येक पिल्लाचे वेगळे. ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. म्हणून एकच टोचून भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, चार महिन्यांचे होईपर्यंत. ही पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस. रेबीजची लस तीन महिन्यांना, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. “एक लस झाली आहे, आता काही काळजी नाही” हे विकणाऱ्याचे बोलणे अर्धेच खरे असते.

पार्व्हो म्हणजे ती रक्ताची हगवण. आधी खाणे सुटते, मग उलट्या, मग घाण वासाची रक्ताळ हगवण. दोन-तीन दिवसांत पिल्लू जाते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत आठवडाभर जातो. म्हणून विकताना नाचणारे पिल्लू आठ दिवसांनी आजारी पडते. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. तुमच्या अंगणात गेल्या वर्षात पिल्लू या रोगाने गेले असेल, तर लसीचे सर्व डोस पूर्ण झाल्याशिवाय नवे पिल्लू तिथे आणू नका. आणि एकाच दिवशी चार ठिकाणची पिल्ले पाहत फिरू नका; तुमच्या चपलांना लागून रोग एका घरातून दुसऱ्या घरी जातो.

लस औषधाच्या दुकानातून आणून स्वतः टोचण्याचा उद्योग करू नये. ती २ ते ८ अंश थंडाव्यात राहावी लागते. उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली लस म्हणजे पाण्याची सुई. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांकडून टोचून घ्या.

जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यावे लागते. मेंढरे राखणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. कापलेल्या मेंढराची आतडी, फुप्फुसे, काळीज, डोके कच्चे कुत्र्यापुढे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यातून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी चाऱ्यावर पडून मेंढराच्या मेंदूत गाठ होते आणि ते एकाच बाजूला गरगर फिरत मरते. दुसऱ्या एका फीतकृमीमुळे माणसाच्याही काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. तेव्हा कच्चे अवयव पुरून टाका आणि कुत्र्याला फीतकृमीवर चालणारेच औषध डॉक्टरांना विचारून द्या.

मेंढरांचे इंजेक्शन किंवा गुरांवर फवारायचे गोचिडाचे औषध अंदाजाने पिल्लाला वापरू नका. कारवानीच्या अंगावर चरबी नसते. अशा बांध्याच्या कुत्र्यांना काही भुलीची औषधेही जास्त बाधतात. ऑपरेशनची वेळ आली तर हा कारवानी आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.

कागदावर काय हवे?

साधी वहीची दोन पाने पुरतात. जन्मतारीख, आई व बाप कोणाचे, कितवे वेत, जंताचे औषध कधी व कोणते दिले, लस कधी टोचली आणि डॉक्टरांची सही. केनेल क्लबची नोंद असेल तर ती चिठ्ठी घ्या. क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी या जातीचे नाव कॅरावान हाउंड असे आहे. आणि पिल्लू नेल्यावर दोन-तीन दिवसांत दवाखान्यात दाखवू, डॉक्टरांनी खोट काढली तर परत करू, हे बोलणे पैसे देण्याआधी करा आणि लिहून घ्या. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही.

घरी आणल्यावर

पिल्लासोबत आईच्या अंगाचा वास लागलेले पोत्याचे फडके मागून आणा. पहिल्या रात्री ते कमी रडेल. पहिले आठ दिवस पूर्वीचेच खाणे ठेवा, मग हळूहळू बदला. ज्वारीची किंवा मक्याची भाकरी आणि दूध हे आपल्याकडचे नेहमीचे खाणे; त्यात अंडे आणि शिजवलेली डाळ घातली तर हाडे-मांस चांगले धरते. दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या. शिजवलेल्या कोंबडीची हाडे देऊ नका. तासगावकडच्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे बाधतात, मूत्रपिंडे निकामी होतात. बेदाण्याच्या शेडपाशी पिल्लू मोकळे सोडू नका. उंदराचे औषध आणि फवारणीचे डबेही त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा.

कराड, पाटण, शिराळा भागातल्या उसाच्या गावांत बिबट्याचा वावर आहे. गोठ्याबाहेर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेले ताट. रात्री पिल्लू दाराच्या आत घ्या.

“लहान पिल्लू चावले तर काय होते?” असे म्हणू नका. रेबीज पिल्लालाही होतो आणि त्याच्या दाताने माणसालाही. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

शेवटी हौशी तरुणांना एक सांगणे. ससा, चिंकारा, रानडुक्कर, कुठल्याही रानप्राण्यावर कुत्रा सोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सागरेश्वरच्या आसपासच काय, आपल्या स्वतःच्या बांधावरही. त्याचा वेग पाहायचा तर मोकळ्या रानात सकाळी आपल्याबरोबर पळवा.

तात्पर्य एवढेच. चांगले पिल्लू बाजारात सापडत नाही. ते एखाद्या समजूतदार माणसाच्या अंगणात, धडधाकट आईच्या कुशीत आठ आठवडे वाढत असते. त्याच्यासाठी एक वेत थांबावे लागले तरी थांबा. जो चांगला सांभाळतो त्याच्याकडेच आपण गेलो, तर उद्या दुसरेही तसेच सांभाळू लागतील, आणि दख्खनच्या माळावरची ही जात आपल्या नातवंडांनाही पाहायला मिळेल.